साखर पेठेतली सूतचोरी

१

गठ्ठ्याभोवतीची सुतळी सैल होती. तिच्याखालून माझी करंगळी सहज गेली. सुतळी जरा बाजूला सारली, तर खालच्या लडींवर तिचा वळ उमटलेला दिसला, खोल आणि सरळ. असा वळ पाडणारी सुतळी बांधताना करकचून आवळलेली असणार. मधे कुणी ती सोडून पुन्हा बांधली म्हणावं, तर गाठीवरची लाखेची मोहोर शाबूत होती. तिच्यावर ईश्वरप्पा सावकारांच्या दुकानाचा नंदी स्पष्ट दिसत होता.

“आता बोला बाई,” मायाक्का म्हणाली. “मोहोर जाग्यावर, गाठ जाग्यावर, आन् आतलं सूत कमी!”

मायाक्का साखर पेठेतली विणकरीण. नवरा गेल्यापासून खड्डामागावर तीच बसते आणि लुगडी विणते. सूत सावकाराकडून उसनं आणायचं ते तोलून, लुगडी परत द्यायची तीही तोलून, अशी पेठेतली रीत. खळीचं वजन ठरल्याप्रमाणे वजा होतं. तुटके धागेसुद्धा पिशवीत भरून काट्यावर ठेवतात. एवढं करून जे कमी भरेल ती तूट. तुटीची किंमत विणकराच्या नावावर कर्ज म्हणून चढते, त्यावर रुपयाला महिना एक आणा व्याज, आणि थकलेलं व्याज पुन्हा मुद्दलात. मायाक्काला दर उन्हाळ्यात तूट येत होती. आता सावकारांनी निरोप पाठवला होता, अक्षय्यतृतीयेपर्यंत भरणा झाला नाही, तर माग उचलून नेऊ.

“या खेपेला म्हटलं, बघूच,” ती सांगत होती. “सावकारास्नी म्हटलं, गठ्ठ्यावर मोहोर मारून द्या. त्यांनी हसत हसत मारली. माज्या डोळ्यांदेखत तोलून दिला. घरी आनला, पत्र्याखाली तुळईला टांगला आन् खाली माजी वाकळ टाकली. आज वाण्याकडं तोलला तर कमी! मोहोर न फोडता सूत काडायला चोर काय मुंगी हाय?”

माझा थोरला भाऊ कमलाकर विणकरांच्या पतपेढीचा चिटणीस. पतपेढी लहान होती आणि तिचं दप्तर आमच्या ओसरीवरच असे. तो चष्मा पुसत म्हणाला, “शकू, यात कसलं कोडं? ईश्वरप्पाचा काटा खोटा. मायाक्का, दोन वर्षं सांगतोय तुला, पतपेढीचं सूत घे. व्याज वर्षाला रुपयामागं दीड आणा.”

“बघू की, दादा,” मायाक्का म्हणाली. हे उत्तर ती दोन वर्षं देत होती.

“बघू, बघू! बघता बघता माग जाईल.”

“माग जाऊ देणार न्हाय मी. सागाचा हाय. नवऱ्यानं सोता उभा राहून करून घेतलेला.” मग तिचा आवाज उतरला. “पन दादा, पतपेढीत कुटल्या तोंडानं येऊ? काट्याचं काय न्हाय. चोर आमच्या घरातच हाय.”

२

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. काटा खोटा की खरा हे तोंडाने ठरत नाही, म्हणून शाळेतली पितळी वजनं रुमालात बांधून घेतली आणि कमलाकरला बरोबर घेऊन सावकारांच्या दुकानी गेले.

ईश्वरप्पा तोंडाचे गोड होते. आधी वाळ्याचं सरबत आलं, मग चौकशी. “मास्तरीणबाई, शाळेला सुट्टी लागली वाटतं? म्हणून आमची परीक्षा?”

“तुमची नाही, तुमच्या काट्याची,” मी म्हटलं.

“खुशाल घ्या. तो कधी नापास झालेला नाही.”

मी पारडी रिकामी पाहिली, अदलाबदल करून पाहिली, त्यांची वजनं आमच्या वजनांशी लावून पाहिली. काटा सरळ उभा राहिला. कमलाकरचं तोंड पडलं. सावकारांनी त्याच्यापुढे सरबताचा दुसरा पेला सरकवला, तो त्याने घेतलाही.

“मायाक्काबद्दल मला वाईट वाटतं,” ईश्वरप्पा म्हणाले. “तिच्या नवऱ्याच्या मातीला पैसे मीच दिले. अंगठासुद्धा घेतला नाही. विचारा तिला. पण दर उन्हाळ्याला सूत कमी. मी तरी किती दिवस सोसू?”

मला हे खरं वाटलं, कारण मायाक्कानेही तेच सांगितलं होतं. त्या दिवशी तिच्या दारात पहिले उभे राहिले ते सावकारच.

“सूत ठेवता कुठे?” मी विचारलं.

“तळघरात. या ना, बघा.”

तळघराचं दार ढकललं तर हललं नाही. त्यांना खांदा लावावा लागला. चैत्राच्या त्या कोरड्या दिवसांत आमच्या घरची सगळी दारं चौकटीत खुळखुळत होती आणि हे मात्र पावसाळ्यातल्यासारखं फुगून बसलं होतं. आत गार वाटलं. भिंतीला लागून पाण्याचे रांजण होते आणि त्यांच्यामधे गठ्ठ्यांच्या थप्प्या.

“सुताला गारवा लागतो बाई. कोरडं सूत मागावर तुटतं. कुणाही विणकराला विचारा,” ते म्हणाले.

मी एका गठ्ठ्यावर तळवा ठेवला. थंड लागला, ओला नाही. सुतळीखाली करंगळी घालून पाहिली. ती शिरली नाही.

बाहेर आल्यावर कमलाकर म्हणाला, “काटा खरा निघाला, शकू. म्हणजे चोर घरातलाच.”

“काटा खरा आहे,” मी म्हटलं. “यापलीकडे अजून काही निघालेलं नाही.”

३

मायाक्काच्या घरात तीन माणसं. ती स्वतः, सासू गौरम्मा आणि धाकटा दीर शिवपुत्र. गौरम्मा चरख्यावर कांड्या भरते. तिला ऐकू कमी येत असावं असं तिच्या मोठमोठ्यानं बोलण्यावरून वाटतं, पण येतं सगळं.

“सून सूत चोरील असं वाटतं का तुम्हाला?” मी विचारलं.

“सून? ती तुटका धागा बी पिशवीत घालती. मला म्हनाल तर मी म्हातारी. चोरून कुटं ठिवू, तोंडात? राहिला त्यो.” तिने हनुवटीने दाराकडे दाखवलं. “माज्या पोटचा हाय म्हनून काय झालं? त्यो असला की तूट. नसला की न्हाय. आन् हल्ली त्याच्याकडं चार पैशे खुळखुळत्यात, कुठनं आनले इचारलं तर सांगत न्हाय.”

हे मात्र विचार करण्यासारखं होतं. शिवपुत्र मृगाला अक्कलकोटकडच्या शेतावर जातो आणि दिवाळीनंतर परततो. पावसाळ्याच्या महिन्यांत घरात तो नसतो, आणि त्या महिन्यांत एकदाही तूट आलेली नव्हती.

शिवपुत्र परसात दंड काढत होता. धिप्पाड, लाजरा माणूस. मी विचारलं तसा अंग पुसत उभा राहिला.

“वैनी मला चोर म्हनती व्हय?”

“अजून म्हणाली नाही. पण तुमच्याकडे चार पैसे खुळखुळतात, आणि ते कुठून येतात ते तुम्ही सांगत नाही.”

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हमाली करतो, बाई. सावकाराच्याच दुकानी. वैनीला कळलं तर म्हनंल, आपल्याच सावकाराची पोती उचलतोस, दादाचं नाव घालवलंस. माग सोडवायला पैशे साठवतोय.”

“पोती कसली?”

“सुताची. गिरणीची गाडी आली की गठ्ठे डोक्यावर घिऊन जिना चढायचा. गच्चीवर पसरायचे. दिसभर उन्हात. सांजच्याला सावकार सोता काट्याशी बसून तोलून घेत्यात, मग खाली तळघरात. दोनदा चढउतार. मान मोडती नुसती.”

“आधी गच्ची, मग काटा, मग तळघर? कधी उलट?”

“कदीच न्हाय. मागं एकदा दमलो म्हनून मी गठ्ठे थेट तळघरात टाकले, तर सावकार असले भडकले! त्या दिसाची मजुरी कापली की.”

मला हसू आलं. तो बिचारा बावरला.

“शिवपुत्र,” मी म्हटलं, “तुमच्या घरात चोर नाही. पण ते सगळ्यांपुढे दाखवायला मला तुमच्या आईचा आवाज लागेल.”

४

गौरम्मा ऐकेना.

“नळावर? चारचौघींत? घरची चोरी वेशीवर टांगू व्हय?”

“चोरी नाही, फक्त तूट म्हणा. उन्हाळ्यात सूत कमी भरतं, एवढंच.”

“आन् बायका हसल्या तर?”

“तर मला शिव्या द्या.”

“त्या तर देनारच,” ती म्हणाली आणि घागर कमरेवर घेतली.

नळाला नुकतं पाणी आलं होतं. सगळी पेठ विणकरांची, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येकीच्या घरी माग होता आणि बहुतेकींच्या घरी ईश्वरप्पांचं सूत. मी जरा लांब, पिंपळाच्या पारावर बसले. गौरम्माने घागर नळाखाली लावली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काय सांगू बायांनो, आमच्याकडं उनाळा आला की सूत कमी भरतंय!”

घागर भरून वाहू लागली, तरी कुणी तिला ‘हो पुढे’ म्हणेना.

मग बजाबाई नावाची एक जाडजूड बाई हळूच म्हणाली, “तुमच्याकडं बी?”

“बी म्हंजे? तुमच्याकडं बी?”

“आमच्याकडं तर...” बजाबाईने पदर तोंडाला लावला. “सून नवी होती. तिच्यावरच आळ घेतला मी. माहेरी सांगोल्याला धाडली. वर्ष झालं.”

“अगं बया!”

“आमचे हे आन् भावजी एका ताटात जेवायचे. आता बोलत बी न्हाईत.”

“मी पोराला हानलं गं!”

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. एकीच्या घरी जावेवर संशय, दुसरीच्या घरी सासऱ्यावर. विणकराच्या घरात सुताला सगळ्यांचे हात लागतात. कुणी कांड्या भरतं, कुणी ताणा लावतं, कुणी खळ देतं. सूत कमी भरलं की संशय घरातच फिरतो आणि अब्रूसाठी घरातच गाडला जातो. उन्हाळ्यामागून उन्हाळे ही बाब एकीने दुसरीला सांगितली नव्हती. प्रत्येक घराला आपापला चोर सापडलेला होता.

“आन् पावसाळ्यात?” मी पारावरून विचारलं.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. एकमेकींकडे पाहिलं. “पावसाळ्यात न्हाय बाई. कुनाकडंच न्हाय.”

त्याच दुपारी मी बसलिंगप्पांकडे गेले. पेठेतले ते वडीलधारे पंच, त्यांचा शब्द सावकारही मोडत नसत. मायाक्काचा मोहोरबंद गठ्ठा मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो आपल्या काट्यावर तोलून वजन लिहून घेतलं आणि मोहोरेशेजारी आपलीही मोहोर मारली.

“आता हा कुठे ठेवायचा?” त्यांनी विचारलं.

“ईश्वरप्पांच्या तळघरात. पंचायत बसेपर्यंत. दाराला कुलूप तुमचं.”

“ज्याच्याशी तंटा, त्याच्याच घरी पुरावा?” म्हातारे बुवा माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसे बघत राहिले. “मास्तरीणबाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?”

५

पंचायत बसलिंगप्पांच्या अंगणात बसली. मांडवाखाली सतरंज्या घातल्या होत्या. पेठेतली बरीच माणसं आली होती आणि बायका ओट्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. ताकाचे तांबे फिरत होते, त्यामुळे तंट्यापेक्षा लग्नाची बोलणी चालल्यासारखं वाटत होतं. मायाक्का खांबाला टेकून उभी होती. तिने ताक घेतलं नाही.

“गठ्ठा आणा,” बसलिंगप्पा म्हणाले.

पंचांसमक्ष कुलूप काढून आणलेला गठ्ठा शिवपुत्राने पुढे ठेवला. दोन्ही मोहरा शाबूत होत्या, त्या पंचांनी निरखून पाहिल्या. मग गठ्ठा पारड्यात गेला. बसलिंगप्पांनी वजन टाकलं, थांबले, आणखी एक टाकलं, मग आणखी. लिहून ठेवलेला आकडा त्यांनी दोनदा वाचला.

“हे कसं?” ते म्हणाले. “कमी होतं ते भरलं! सावकारांनी दिलं तेवढंच झालं. किंचित कमी, पण जवळजवळ तेवढंच.”

“चोरानं परत आणून ठेवलं वाटतं!” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

“मोहोर न फोडता नेलं, मोहोर न फोडता आणलं,” मी म्हटलं. “चोर म्हणजे ही हवा. कापसाचं सूत हवेतलं पाणी ओढून घेतं. हाताला ओलं लागत नाही, पण वजनात उतरतं. सुतळीसुद्धा पाहा. मायाक्काच्या घरी सैल होती, तळघरात पुन्हा आवळली. रांजणांच्या गारव्यात सूत पाणी पितं आणि तुमच्या पत्र्याखाली, चैत्र-वैशाखात, ते सोडून देतं. तूट येते ती त्या पाण्याची. पावसाळ्यात तुमच्या घरची हवाही दमट असते, म्हणून तेव्हा तूट नाही. शिवपुत्र तेव्हा शेतावर असतो, हा योगायोग. इतर घरांत तर शिवपुत्र नाही.”

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. बजाबाई रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. ती शेजारणीला एवढंच सांगत होती, “उद्याच जाते सांगोल्याला. उद्याच.”

ईश्वरप्पा शांत होते. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं. “बाईंनी छान सांगितलं. आम्ही अडाणी माणसं, आम्हाला हवेचं शास्त्र काय माहीत? गारवा नसेल तर सूत तुटतं, म्हणून आम्ही रांजण ठेवतो. इथं बसलेले विणकर सांगतील.”

दोघा-तिघांनी माना डोलावल्या, कारण ते खरंच होतं. मायाक्काने खाली पाहिलं. तंटा इथेच मिटला असता, तर यापुढची तूट थांबली असती, पण नावावर चढलेली तशीच राहिली असती आणि माग गेला असता.

“गारव्याबद्दल माझी तक्रार नाही,” मी म्हटलं. “एकच विचारते, ईश्वरप्पा. गिरणीचं सूत विकत घेता तेव्हा ते आधी गच्चीवर उन्हात का टाकता?”

त्यांचा हात पुन्हा उपरण्याकडे गेला.

“तोलायच्या आधी दिवसभर,” मी म्हटलं. “आणि एकदा हमालाने गठ्ठे न वाळवता थेट तळघरात टाकले, तर तुम्ही त्याची मजुरी कापलीत.”

“ह्योच त्यो हमाल,” शिवपुत्र मधेच म्हणाला आणि मायाक्काकडे पाहून त्याने जीभ चावली. तिचे डोळे विस्फारले. गौरम्मा मात्र ओट्यावरून मोठ्यानं म्हणाली, “माजं लेकरू!” आणि तिने आजूबाजूला असं पाहिलं, जणू संशय दुसऱ्याच कुणी घेतला होता.

“पैसे देताना सूत वाळवून तोलायचं,” मी पुढे म्हटलं, “आणि उसनं देताना पाणी पाजून तोलायचं. हवेचं शास्त्र ज्याला माहीत नाही, तो हे करणार नाही. विणकराने पाणी नेलं, सूत म्हणून त्याचं कर्ज झालं आणि त्या पाण्यावर रुपयाला महिना एक आणा व्याज चढलं.”

बसलिंगप्पांनी ताकाचा तांब्या खाली ठेवला. “ईश्वरप्पा, सांगा.”

“धंद्यात माणूस आपलं बघतो, अप्पा,” सावकार म्हणाले. आवाजातला गोडवा अजून होता, फक्त पातळ झाला होता.

बसलिंगप्पांनी बाकीच्या पंचांकडे पाहिलं. फार वेळ लागला नाही. “उन्हाळ्यातली सगळी तूट, ज्याच्या त्याच्या नावावरून काढायची. तिच्यावरचं व्याज काढायचं. ज्यांनी भरलंय त्यांना परत द्यायचं. मागाला हात लावायचा नाही. यापुढे सूत देताना आणि लुगडी घेताना दोन्ही वेळा वाळवून तोलायचं. कबूल?”

ईश्वरप्पांनी अंगणभर नजर फिरवली. त्यांचं गिऱ्हाईक सगळं तिथेच बसलेलं होतं. “कबूल,” ते म्हणाले.

कमलाकर माझ्या कानाशी लागला. “शकू, आता बहुतेक सगळे त्याच्याकडेच राहतील बघ. वाळवून तोलेल, व्याज तेच ठेवेल. माणसं सवय सोडत नाहीत.”

मलाही तसंच वाटत होतं. तूट गेली तरी आणा राहणार होता. आणि ईश्वरप्पांनाही ते ठाऊक असावं. ते उठले आणि निघता निघता खांबापाशी थांबले. जुन्या माणसाशी बोलावं तसे म्हणाले, “झालं गेलं विसर, मायाक्का. उद्या येऊन सूत घेऊन जा. तुझ्या नवऱ्याच्या दिवशी दारात कोण उभं होतं, ते मी बोलून दाखवणार नाही.”

मायाक्काने मान खाली घातली. तिची बोटं पदराच्या काठावरून फिरत होती, विणलेल्या कापडात सुटलेला धागा शोधावा तशी. ओट्यावरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ती काय करते त्यावर त्यांचंही ठरणार होतं, हे मला तेव्हा जाणवलं. कमलाकरने तोंड उघडलं, मी त्याचा दंड धरला.

“तुमीच उभं होता, सावकार,” ती म्हणाली. “ते मी मरेपर्यंत इसरनार न्हाय. मातीचे पैशे मी फेडीन, पै न् पै फेडीन. दिवाळीला फराळाचं ताट बी तुमच्या घरी येईल.”

ईश्वरप्पा हसले. “मग उद्या ये.”

“न्हाय,” मायाक्का म्हणाली. तिने मान वर केली आणि अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “उद्यापास्नं माज्या मागावर सूत चढंल, ते पतपेढीचं. कमलाकरदादा, माजं नाव घाला.”